फाटक बंद असेपर्यंत

माणूस ओळखायचा असेल तर त्याला बंद फाटकापाशी उभा करावा, असं आमच्या बाई म्हणायच्या. कुणी हॉर्न वाजवतो, कुणी दांड्याखालून वाकून पलीकडे जातो, कुणी गेटमनच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो आणि कुणी इंजिन बंद करून शेंगा खात बसतो. बाईंच्या मते त्यातला शेंगा खाणारा तेवढा भरवशाचा. मी हॉर्न वाजवणारा. त्यामुळे आमची ओळख भांडणानं झाली.

तेव्हा मी घाटावरून नवीनच आलो होतो. शाळा तलासरीकडच्या एका पाड्यावर आणि राहायला खोली मिळाली ती चिखल्याला. रोज सकाळी मोटरसायकल काढायची, रेल्वेचं फाटक ओलांडायचं आणि चिकूच्या वाड्या मागं टाकत आत शिरायचं. हजर व्हायच्या पहिल्याच दिवशी फाटकानं मला अडवलं. उशीर झालेला, कपडे इस्त्रीचे. मी हॉर्नवर अंगठा ठेवला तो काढलाच नाही.

फाटकाला लागून एक बैठं कौलारू घर होतं. त्याच्या ओट्यावर पन्नाशी कधीच उलटलेल्या एक बाई बसल्या होत्या. कडक स्टार्चची साडी, पायांत खेळाचे बूट, चष्म्याला गळ्यात अडकवायची दोरी आणि मांडीवर गिटार. त्यांनी वाजवणं थांबवलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हॉर्न वाजवल्यानं गाडी लवकर येते, हे कुठं शिकलात?"

"मावशी, तुम्ही तुमचं वाजवा, मी माझं वाजवतो," मी म्हणालो.

"तुमचं सुरात नाही," असं म्हणून त्या पुन्हा तारांवर वाकल्या.

पंचायत समितीत कागद देऊन मी शाळेत पोहोचलो, तर मुख्याध्यापकांच्या खुर्चीत त्याच बाई. टेबलाखाली तेच बूट. त्यांनी माझा आदेश वाचला, सही केली आणि म्हणाल्या, "मोटरसायकल आहे ना तुमच्याकडे, गुरुजी? उद्यापासून मी मागं बसेन. जीपवाला फार कोंबतो." सकाळच्या प्रसंगाबद्दल एक अक्षर नाही. मला वाटलं, विसरल्या. पुढं त्यांच्या निरोपसमारंभात त्यांनी तो सगळ्यांसमोर माझ्या आवाजाची नक्कल करून सांगितला, हॉर्नसकट.

दुसऱ्या दिवसापासून आमचा परिपाठ ठरला. मी चिखल्याहून यायचो, बहुतेक वेळा फाटक बंदच असायचं. बाई तयार होऊन, पर्स शेजारी ठेवून ओट्यावर वाजवत असायच्या. गाडी धडधडत जायची. मग आतून एक म्हातारा, खणखणीत आवाज यायचा, "उघडलं गं." त्या क्षणी बाईंचा हात थांबायचा. ओळ अर्धी असो, सूर अर्धा असो, पुढचा सूर वाजायचा नाही. गिटार आत जायची, बाई मागं बसायच्या आणि आम्ही रूळ ओलांडायचो.

आतला आवाज त्यांच्या सासूबाईंचा. त्या नव्वदीला टेकलेल्या, डोळे जवळजवळ गेलेले. खिडकीशी खाटेवर बसून वाल निवडायच्या, तेही बोटांनी चाचपून. दिसत नसलं तरी फाटक त्यांना कानांनी कळायचं. दांडा वर जाताना जो करकरे, तो त्यांना घड्याळासारखा उपयोगी पडे.

हा नियम सासूबाईंचाच. बाई लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा सामानात गिटार होती. घोलवडला त्यांचे वडील एका पारशी बागायतदाराकडे मुनीम होते. त्या पारशीकाकांना मूलबाळ नव्हतं. गिटार होती आणि दुपारी मोकळा वेळ होता. चिकूच्या झाडाखाली खुर्ची टाकून त्यांनी या मुलीला वाजवायला शिकवलं. "थोडुं थोडुं, पण रोज," एवढंच ते म्हणत. मुलगी सासरी निघाली तेव्हा गिटार त्यांनी तिलाच देऊन टाकली. पण नव्या सुनेनं फाटकावर अडलेल्या साऱ्या गावासमोर टिणटिण करायची म्हणजे तमाशाच, असं सासूबाईंचं मत पडलं आणि गिटार माळ्यावर गेली. पुढं नोकरी लागली, मुलगी झाली, यजमान रेल्वेत होते ते एका आजारात गेले, मुलगी लग्न होऊन सुरतेला गेली. गिटार आपली माळ्यावर, गणपतीच्या मखराच्या मागं.

मी यायच्या आदल्या दिवाळीला साफसफाईत ती खाली आली. दोन तारा तेवढ्या शाबूत होत्या. बाईंनी पुसता पुसता बोटं टेकवली, तर बोटांनी काकांनी शिकवलेली एक धून शोधायला सुरुवात केली. त्या म्हणायच्या, "मी नाही हो, बोटांनीच." सासूबाईंनी ऐकलं आणि वाल निवडता निवडता म्हणाल्या, "दिवसभर कटकट नको. फाटक बंद असेल तेव्हा काय ते वाजव. तेव्हा नाहीतरी कुणाच्या कानाला काही लागत नाही."

दुसरी कुणी असती तर रुसली असती. बाईंना हा हुकूम इतका आवडला की त्यांनी तो शाळेच्या नियमांसारखा पाळला. फाटक बंद की वाजवायचं, उघडलं की बंद. ताप असला तरी आणि पाहुणे बसलेले असले तरी. एकदा गटशिक्षणाधिकारी त्यांच्या घरी चहाला आले होते. फाटक पडल्याचा आवाज आला. बाई "आलेच" म्हणून बाहेर गेल्या आणि साहेब गाडी जाईपर्यंत कप हातात घेऊन सासूबाईंशी वालाच्या भावाबद्दल बोलत बसले.

गाडीला उशीर झाला की अख्ख्या तालुक्यात आनंद होणारी ही एकच बाई. मालगाडी असली तर सोन्याहून पिवळं. मालगाडीचा हॉर्न मात्र त्यांना सोसायचा नाही. "इतका पैसा ओततात रेल्वेवर, हॉर्न सुरात लावायला काय होतं?" असं त्या मनापासून विचारायच्या.

एकदा धुनेला चांगला रंग चढला होता आणि दांडा वर जायला लागला. बाई ओट्यावरून ओरडल्या, "अरे, जरा थांब की!" गेटमन तलासरीकडचाच, बाईंच्या हाताखाली शिकलेला. तो हात जोडून म्हणाला, "बाई, माझे हातात नाय ते. सिग्नल सुटला का उघडायलाच लागतं." बाई विरघळल्या. "बरोबर आहे तुझं. नियम म्हणजे नियम," म्हणाल्या आणि स्वतःच मुकाट्यानं गिटार आत घेऊन गेल्या.

शाळेत त्या गिटार आणत नसत, पण तिचा उपयोग करत. पाढे येत नाहीत म्हणून रडणाऱ्या पोराला जवळ घेत आणि डाव्या हाताची बोटं पुढं करत. तारा दाबून बोटांच्या टोकांना घट्टे पडले होते. "हात लावून बघ. कडक आहे? हे एका दिवसात होत नाही. एका दिवसात करायला गेलास तर रक्त येतं. थोडं थोडं, पण रोज." पोरांना पाढ्यांपेक्षा त्या घट्ट्यांचं अप्रूप. हात लावायला मिळावा म्हणून काही पोरं येत असलेले पाढेही चुकवायची. बाईंना ते कळत होतं. तरीही त्या हात पुढं करायच्या.

फाटकावर त्यांचा श्रोतृवर्ग ठरलेला होता. चिकूचे टेम्पो, वरोरकडून मासे घेऊन निघालेल्या बायका, शाळकरी मुलं, माझ्यासारखे नोकरदार. पहिले काही महिने लोक हसले. मग सवय झाली. मग ती धून लोक गुणगुणायला लागले. अडचण एवढीच की साऱ्यांना तिची सुरुवातच ठाऊक. अर्ध्यात यायचं "उघडलं गं". एका टेम्पोवाल्याला तर हे फारच लागलं. रोज गिअर टाकता टाकता तो खिडकीतून विचारायचा, "बेन, पछी शूं?" पुढं काय?

"उद्या या," बाई म्हणायच्या.

मलाही राहवलं नाही. एकदा गाडीवरून जाताना विचारलं, "बाई, पूर्ण कधी ऐकवणार?"

"मीच कुठं ऐकलीय हल्ली," मागून उत्तर आलं. आशागडच्या बाजूला कुठंतरी म्हणाल्या, "गुरुजी, ती काकांची स्वतःची धून. तिला नाव नाही, कुठं लिहिलेली नाही. काका गेले. त्यांच्यामागं कुणी नाही. आता ती कुठं असेल तर या माझ्या बोटांत. मी शेवटपर्यंत वाजवली नाही, तर संपलंच."

त्या निवृत्त झाल्या तो दिवस मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. शाळेच्या पटांगणात मांडव, शाल-श्रीफळ, केंद्रप्रमुखांचं न संपणारं भाषण. मीच गळ घातली होती, की आज वाजवाच. इथं फाटक नाही, सासूबाई नाहीत, कुणी थांबवणार नाही. बाई तयार झाल्या. गिटार मी स्वतः पोटाशी धरून आणली.

त्यांनी सुरुवात केली आणि पटांगण गप्प झालं. काय वाजत होतं! रोज घासलेल्या पितळेच्या तांब्यासारखा एकेक सूर लख्ख. मला अभिमानानं भरून आलं. आणि मग, जिथं रोज दांडा वर जातो, बरोबर तिथं, बाईंचा हात थांबला. त्यांनी पुन्हा दोन ओळी मागं जाऊन सुरुवात केली. पुन्हा तिथंच थांबला. पाड्यावरच्या लोकांना वाटलं, संपलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. केंद्रप्रमुख म्हणाले, "वा, छोटंसं पण छान." बाई हसून नमस्कार करून बसल्या. त्यांचे कान लाल झाले होते.

परतीच्या वाटेवर मी मोटरसायकल सावकाश चालवली. फाटक त्या दिवशी नेमकं उघडं होतं. ओट्याशी उतरल्यावर त्या म्हणाल्या, "संपलं नव्हतं, गुरुजी."

"ठाऊक आहे, बाई."

"डोक्यात सगळं आहे. बोटांत नाही."

पुढं काही दिवस फाटक बंद व्हायचं आणि ओटा रिकामा असायचा. मी एकटाच शाळेला जात होतो, तेव्हा मला तो रिकामा ओटा फार टोचायचा. टेम्पोवाला खुणेनं विचारायचा, मी खांदे उडवायचो. शेवटी एका सकाळी मी गाडी लावून घरात शिरलो. गिटार भिंतीशी उभी होती, म्हणजे अजून माळ्यावर गेली नव्हती. बाई खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होत्या, नापास झालेल्या पोराकडे बघावं तशा.

मला पाहताच म्हणाल्या, "चूक सापडली. इतकी वर्षं मुलं शिकवली आणि ही चूक मी करावी! रोज मी पहिल्यापासून सुरू करते. रोज फाटक अर्ध्यात उघडतं. म्हणजे रोज पहिलीचा वर्ग घ्यायचा आणि चौथीच्या वर्गात पाऊल टाकायचं नाही. मग चौथीची मुलं नापास होणार नाहीत तर काय?"

"मग आता?"

"आता चौथीपासून."

आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून बाईंनी धून शेपटाकडून धरली. फाटक पडलं की शेवटचा तुकडा. तेवढाच, पुन्हा पुन्हा, अडखळत, चुकत. तो बसला की त्याच्या आधीचा. तो बसला की त्याच्याही आधीचा. फाटकावरच्या मंडळींचा विरस झाला. इतके महिने ऐकलेली छान धून गेली आणि तिच्याजागी हे तुटकं तुटकं काहीतरी आलं. टेम्पोवाला काकुळतीला आला, "बेन, पेलुं ज वगाडो ने." त्याला आपली जुनीच हवी होती. एका मासेवाल्या बाईनं तर सरळ सांगितलं, "बाई, आता तुमचा हात गेला." बाईंनी तिच्याकडून त्या दिवशी बोंबील जास्त घेतले, पण धून बदलली नाही.

खाऱ्या हवेनं तारा गंजायच्या. बाई त्या जुन्या साडीच्या तुकड्यानं पुसायच्या आणि मुंबईहून कुणी येणार असलं की नव्या मागवायच्या. बोटं साठीची झाली होती. थंडीत सांधे धरायचे. त्या ती कोमट पाण्यात बुडवून बसायच्या आणि कान फाटकाकडे. मी इतकी वर्षं शाळा तपासायला येणारे साहेब पाहिले, प्रशिक्षणं केली, पण शिकणं म्हणजे काय ते मी त्या ओट्यावर पाहिलं.

दरम्यान पुलाचं काम सुरू झालं. मालगाड्यांसाठी नव्या लायनी टाकायच्या, म्हणून फाटकं काढायची आणि वरून पूल न्यायचा, असं ठरलं होतं. खांब उभे राहिले. आम्ही सारे खूश. रोजची रखडपट्टी संपणार. मी उत्साहानं बाईंना सांगितलं, "आता बघा, मी भुर्रकन शाळेत."

बाईंनी खांबांकडे पाहिलं. "फाटक गेलं म्हणजे माझी वेळ गेली," त्या म्हणाल्या.

"अहो बाई, मोबाइलवर गजर लावा. गजर झाला की वाजवायला बसायचं."

"गजर माझ्या हातात असतो, गुरुजी. जे माझ्या हातात असतं ते मी पुढं ढकलते. आधी भाजी टाकू, आधी आईंचं पाणी तापवू, आधी सुरतेला फोन करू. फाटक माझं ऐकत नाही, म्हणून मी फाटकाचं ऐकते. ते गेलं की ही पुन्हा माळ्यावर जाणार. मी मला ओळखते."

हे त्या रडून सांगत नव्हत्या. भाताला पाणी किती लागतं हे सांगावं तसं सांगत होत्या. त्यामुळेच मला भीती वाटली. खांबांवर तुळया चढत होत्या आणि इकडे धुनेचे मधले तुकडे अजून राहिले होते. पूल आधी होतो की धून, अशी शर्यतच लागली. ठेकेदाराच्या कामाला उशीर झाला की मी आयुष्यात पहिल्यांदाच सरकारी कामाच्या दिरंगाईला मनातून धन्यवाद देत होतो.

आणि पूल झाला. दोन हजार एकोणीस साल होतं. वर मांडव, फुगे, पाहुणे, फीत. फुगे आमच्या डहाणूच्याच कारखान्यातले. खाली फाटकाशी मोजकी माणसं जमली होती. गेटमनचा इथला शेवटचा दिवस. टेम्पोवाला वरून न जाता मुद्दाम खालून आला होता आणि चक्क शेंगा खात होता. मासेवाल्या बायका टोपल्या ठेवून बसल्या होत्या. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं.

गाडीची वेळ झाली. गेटमननं दांडे खाली घेतले. यानंतर ते उघडायचे नव्हते. गाडी गेली की साखळी घालून कुलूप लावायचं, असा हुकूम होता.

बाई ओट्यावर आल्या. कडक स्टार्चची साडी, पायांत खेळाचे बूट. त्यांनी धून सुरू केली, आणि शेवटाकडून नाही, पहिल्यापासून. टेम्पोवाल्याचा शेंगांचा हात तोंडाशी थांबला. गाडी आली, सगळं घर हादरवून गेली. धूळ बसली. बाई वाजवतच होत्या. मग ती जागा आली. रोज जिथं दांडा वर जायचा, पटांगणात जिथं बोटं अडकली होती, ती जागा. बाईंचा हात थांबला.

कुणी हललं नाही. बाईंनी मान वर करून फाटकाकडे पाहिलं. इतक्या वर्षांची सवय, त्या आतल्या आवाजाची वाट बघत होत्या. वर पुलावर कुणीतरी भाषण करत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

आतून खाट करकरली. सासूबाई म्हणाल्या, "अजून उघडलं नाही गं."

बाईंनी डोळे मिटले आणि पुढचा सूर लावला. मग त्याच्या पुढचा. ते मधले तुकडे, ज्यांची मला धास्ती होती, एकामागून एक आले आणि पुढच्या तुकड्यांना जाऊन मिळाले. ज्याला आम्ही महिनोन् महिने तुटकं तुटकं ऐकून नावं ठेवली होती, ते सगळं आपापल्या जागी बसत गेलं. ही धून अशी होती तर! घोलवडच्या वाडीत एका एकट्या माणसानं दुपारी बसून रचलेली ती धून आमच्या डोळ्यांदेखत पूर्ण झाली. शेवटचा सूर बाईंनी तार थरथरायची थांबेपर्यंत सोडला नाही.

टेम्पोवाल्यानं पहिली टाळी वाजवली. मग साऱ्यांनीच. हात गेला म्हणणारी मासेवाली पदरानं डोळे पुसत होती. मी रडलो, त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. गेटमन साखळी लावून, किल्ली खिशात टाकून आला आणि बाईंच्या पाया पडला. म्हणाला, "बाई, आता कोणी नाय उघडणार."

बाईंनी कुलपाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आधी त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, मुलानं अवघड शंका विचारली की पडायच्या तशा. मग हळूहळू चेहरा उजळत गेला. मी निघायला मोटरसायकल सुरू केली होती आणि गिटार आत न्यायला त्या उठल्या होत्या, त्या परत खाली बसल्या.

"गुरुजी, गाडी बंद करा," त्या मला म्हणाल्या. "फाटक बंद आहे. आता ते कायमचं बंद आहे. नियम म्हणजे नियम."

आणि त्यांनी धून पुन्हा पहिल्यापासून धरली. दोन ओळी झाल्या असतील नसतील, तोच खिडकीतून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला.

"हे मला पाठ झालंय गं. आता दुसरं काहीतरी शिक."